वायरलेस ग्लास ब्रेक सेन्सर: रो-हाऊस आणि तळमजल्याच्या घरांत त्यावर भरवसा ठेवावा का?

नेरुळकर (धागाकर्ता)

नेरुळला आमच्या रो-हाऊसच्या ओळीत गणपतीनंतर एक घरफोडी झाली. मग रहिवाशांची बैठक, मग अलार्मवाल्याला बोलावणं, आणि त्याने सगळ्या ओळीसाठी दिलेलं पॅकेज: दर घराला एक पॅनल (सगळ्या सेन्सरांची खबर घेऊन सायरन वाजवणारी पेटी), पुढच्या दाराला मॅग्नेटिक सेन्सर आणि प्रत्येक खोलीत वायरलेस ग्लास ब्रेक सेन्सर. किमतीतला मोठा वाटा या काचेच्या सेन्सरांचाच आहे. माझा त्याला विरोध आहे. बैठकीत मांडला, पण तिथे सगळे एकदम बोलत होते, म्हणून इथे नीट लिहितो. ठाणे-नवी मुंबईत ज्यांनी हे सेन्सर वापरलेत त्यांनी माझं म्हणणं खोडून काढावं, मला खरंच ऐकायचं आहे.

आधी हा सेन्सर करतो काय ते. भिंतीवर किंवा छताला लावायची छोटी डबी, आत माइक. हातोडा काचेवर बसला की काच आधी वाकते, त्याचा खालच्या पट्टीतला जाड 'धप्प' आवाज येतो. लगोलग काच फुटून तुकडे उडतात, त्याचा उंच पट्टीतला 'खळ्ळ'. चांगल्या सेन्सरला हे दोन्ही आवाज, याच क्रमाने, अगदी पाठोपाठ ऐकू आले तरच तो पॅनलला खबर देतो. दुसरा प्रकार काचेलाच चिकटवायचा, तो कंप ओळखतो. आमच्या पॅकेजमध्ये पहिला आहे.

म्हणजे त्याला एवढंच कळतं की काच फुटली. पण आमच्याकडे चोर काच फोडतो कुठे?

चोरी झाली त्या घरात मी सकाळी गेलो होतो. मागच्या अंगाला बाथरूमची लुव्हरची खिडकी. अ‍ॅल्युमिनियमच्या खाचांत आडव्या काचपट्ट्या बसवलेल्या, आणि प्रत्येक खाचेच्या टोकाला पत्र्याची नखाएवढी जीभ दुमडलेली. पट्टीला अडवायला तेवढंच असतं. चोराने स्क्रू-ड्रायव्हरने त्या जिभा सरळ केल्या, पट्ट्या एकेक करून ओढून काढल्या आणि मागच्या कंपाउंडच्या भिंतीला ओळीने टेकवून ठेवल्या. एकाही पट्टीला साधा टवका उडालेला नव्हता. त्या बाथरूममध्ये जगातला सर्वात महाग ग्लास ब्रेक सेन्सर असता तरी त्याने काय ऐकलं असतं?

जुन्या स्लायडिंग खिडक्यांचंही तेच. शटर दोन्ही हातांनी वर उचललं की खालच्या ट्रॅकमधून सुटतं. घरफोडीच्या बातम्या वाचा: कडीकोयंडा तोडून, लॅच उचकटून, ग्रिल कापून. काच फोडून आत शिरल्याचं क्वचितच वाचायला मिळतं, कारण काच फुटली की आवाज होतो आणि रो-हाऊसमध्ये भिंतीला भिंत लागून शेजारी झोपलेला असतो.

त्यात हा सेन्सर वायरलेस. बॅटरी संपली, सिग्नल भिंतीत अडला, राउटर बंद पडला, काहीही झालं तरी भिंतीवरची डबी कालच्यासारखीच दिसते. म्हणून माझं म्हणणं असं: दारं, स्लायडरची कुलुपं आणि लुव्हर आधी. काचेचा सेन्सर सगळ्यात शेवटी, आणि तोही फक्त जिथे मोठी काच जमिनीवरून हाताला येते तिथेच.

वायरमन_ठाणे

मी ठाण्यात अलार्म आणि कॅमेऱ्याची कामं करतो, म्हणजे माझं पोट यावर आहे हे आधीच सांगून ठेवतो. तुमचा लुव्हरचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

खोलीत सेन्सर कुठे लावायचा हे ठरवण्यातच सगळी विश्वासार्हता आहे. माइक खिडकीच्या समोरच्या भिंतीवर किंवा छताला हवा आणि मध्ये आडोसा नको. बहुतेक कंपन्या सहा ते साडेसात मीटरच्या आसपास पल्ला देतात, पण तो उघड्या काचेसाठी. खिडकीवर अस्तराचा जाड पडदा असेल तर 'खळ्ळ' त्यातच जिरतो. मग डबी पडद्याच्या आत, चौकटीजवळ लावावी लागते. टीव्हीशेजारी नको, एसीच्या झोतात नको, आणि स्वयंपाकघरात तर अजिबात नको. मी जे सेन्सर दुरुस्तीला म्हणून बघायला जातो, त्यातले बरेचसे दाराच्या वर लावलेले असतात, कारण तिथे शिडी लावायला सोपं पडतं. सेन्सर चांगला असतो. जागा चुकलेली असते.

आता मुख्य गोष्ट, जी तुमच्या लिहिण्यात आलेली नाही. मोशन सेन्सर तुम्ही घरात असताना चालू ठेवता येत नाही. रात्री कोणी पाणी प्यायला उठलं की वाजणार. दाराचा मॅग्नेट चोराने दार उघडल्यावर बोलतो. रात्री घर भरलेलं असताना, चोर अजून बाहेर आहे आणि आत यायची खटपट करतोय, हे सांगणारी साधनं फार थोडी आहेत. ग्लास ब्रेक त्यातलं एक. माणसं घरात झोपलेली असताना पॅनल 'स्टे'वर ठेवायचा, म्हणजे दारं-खिडक्या जाग्या आणि आतले मोशन सेन्सर बंद. या व्यवस्थेत काचेच्या सेन्सरला दुसरा पर्याय मला तरी सापडलेला नाही.

शिवाय घोडबंदर रोडला, कोलशेतला, खारघरला जे नवे टॉवर झालेत तिथे बाहेरून ग्रिल लावू देत नाहीत, एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचं दर्शनी रूप, बिघडतं म्हणून. पोडियमच्या (पार्किंगवरच्या सामायिक गच्चीच्या) मजल्यावर हॉलपासून डेकपर्यंत सलग काचेचा स्लायडर असतो आणि बाहेर सगळ्यांना फिरायला मोकळी बाग. तिथे काच हीच भिंत आहे. तुमच्या रो-हाऊसचा नियम तिथे लावू नका.

पनवेल_जुने

ग्रिल लावा. आतून, विटेत रोवलेलं, पट्टी जाड. बॅटरी लागत नाही. विषय संपला.

घोडबंदर_पोडियम

वायरमन म्हणतात तसल्याच घरात मी राहते. पोडियमचा मजला, समोर बाग, डेकला पूर्ण काच. ताबा मिळाल्यावर आम्ही वायरलेस किट बसवलं आणि त्यातला ग्लास ब्रेक आज बंद आहे. का ते सांगते.

आमचा हॉल आणि स्वयंपाकघर एकच, मध्ये फक्त ओटा. सासूबाई दिवसा एकट्या असतात आणि मुख्य दाराची भीती वाटते म्हणून पॅनल 'स्टे'वर ठेवतात. कुकरचं झाकण ओट्यावर आपटलं आणि पाठोपाठ ताटं घसरली, सायरन. कपाटातून स्टीलचे डबे पडले, सायरन. आधी 'धप्प', मग 'खळ्ळ', तुमच्या सेन्सरला हवं ते सगळं आमच्या ओट्यावर रोज घडतं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री खाली सुतळी बॉम्ब फुटला, स्लायडरची शटरं चौकटीत खडखडली, पुन्हा सायरन.

खोट्या आवाजापेक्षा त्यानंतर काय होतं ते वाईट. पहिल्यांदा वॉचमन धावत आला. नंतर इंटरकॉमवर विचारू लागला. मग विचारणंही बंद झालं. शेजारच्यांनी तक्रार केली ती चोरीची नाही, आवाजाची. खरोखर कोणी काच फोडली असती तरी त्या मजल्यावरचं एकही दार उघडलं नसतं. सासूबाईंना तर त्या सायरनचीच धडकी बसली, दुपारी झोप लागेना. ज्यांच्यासाठी बसवलं त्यांनाच त्रास. मग बंद केला.

बसवणाऱ्याने काय केलं? संवेदनशीलता कमी केली. तेव्हापासून तो कशालाच वाजला नाही, आणि वाजत नाही म्हणजे शांत आहे की बहिरा, हे कळायला आमच्याकडे काही मार्ग नव्हता.

नेरुळकर

@घोडबंदर_पोडियम, तुमचा शेवटचा परिच्छेद मला बैठकीत वाचून दाखवायचा आहे. आमच्या अलार्मवाल्याने सेन्सर चालतो हे दाखवायला किल्ल्यांचा जुडगा त्याच्यासमोर खुळखुळवला, दिवा लुकलुकला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

@वायरमन, काच न फोडता हा सेन्सर तपासायचा कसा?

वायरमन_ठाणे

किल्ल्यांनी नाही. किल्ल्यांच्या आवाजात फक्त उंच पट्टी असते. दिवा लुकलुकला म्हणजे माइक जिवंत आहे, एवढंच. उलट किल्ल्यांना सायरनच वाजला तर तो सेन्सर घेऊ नका, त्याला दोन पायऱ्यांची पारख नाही. टाळी वाजवणं हीदेखील माइकचीच चाचणी. मोबाइलवर काच फुटल्याचा व्हिडिओ लावूनही कळत नाही, कारण मोबाइलच्या स्पीकरमधून तो 'धप्प' नीट निघतच नाही.

यासाठी वेगळा टेस्टर मिळतो, हातात धरायचा. बऱ्याच कंपन्या आपापल्या सेन्सरसाठी तो बनवतात. सेन्सर टेस्ट मोडला टाकायचा, टेस्टर खिडकीच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात काचेपाशी धरायचा, पडदा रात्री असतो तसा ओढलेला, दारं रात्री असतात तशी. काही टेस्टरमध्ये आवाज फाइल वाजते आणि 'धप्प'साठी काचेवर हळूच थाप मारायची असते. प्रत्येक खिडकीला वेगळी चाचणी. ज्या माणसाकडे टेस्टर नाही त्याच्याकडून ग्लास ब्रेक घेऊ नये, मग तो कितीही स्वस्त देवो. बैठकीत हे वाक्य जरूर सांगा.

@घोडबंदर_पोडियम, उघड्या स्वयंपाकघराच्या हॉलमध्ये तो लावायलाच नको होता. तुमच्या स्लायडरला मॅग्नेट आणि काचेला चिकटवायचा शॉक सेन्सर चालला असता, त्याला हवेतला आवाज कळत नाही. आणि काही पॅनलमध्ये दोन सेन्सर जोडता येतात: काचेचा वाजला आणि लगेच मोशनही वाजला तरच सायरन. खोटे अलार्म खूप कमी होतात.

घोडबंदर_पोडियम

दोन सेन्सर जोडले तर चोर आत पाऊल टाकेपर्यंत सायरन गप्प. आणि घरात माणूस असताना मोशन बंद ठेवायचा असं तुम्हीच वर म्हणालात. मग सासूबाई घरात असताना ही जोडी काय कामाची? चोर बाहेर असतानाच कळतं, हा तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा होता. खोटे अलार्म टाळायला तोच सोडून द्यायचा?

वायरमन_ठाणे

बरोबर आहे. जोडी ही रिकाम्या घरासाठी, गावाला गेल्यावर. घरात माणसं असतील तेव्हा एकट्या सेन्सरवरच राहावं लागतं, म्हणून तर जागा निवडण्यावर मी एवढा जोर देतो.

रेडिओलहरी

काचेबद्दल मला फार बोलायचं नाही, धाग्यात 'वायरलेस' शब्दावर ज्या शंका येताहेत त्याबद्दल लिहितो. दूरसंचारात काम करतो.

वायरलेस म्हणजे एकच वस्तू नव्हे. बाजारात साधारण तीन घराणी दिसतात. पहिलं ४३३ मेगाहर्ट्झचं स्वस्त किट. यात सेन्सर एकतर्फी ओरडतो आणि झोपतो. पॅनलने ऐकलं की नाही हे त्याला कळत नाही. याच पट्टीत गेटचे रिमोट, वायरलेस बेल, गाड्यांच्या किल्ल्या, सगळी गर्दी. दुसरं ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ, जी पट्टी आपल्याकडे लघु पल्ल्याच्या उपकरणांना परवान्याशिवाय खुली आहे. चांगल्या अलार्म यंत्रणा इथे दुतर्फी बोलतात: सेन्सर खबर देतो, पॅनल पोच देतो, पोच आली नाही तर सेन्सर पुन्हा पाठवतो. तिसरं २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे झिगबी (स्मार्ट होमच्या उपकरणांची वायरलेस पद्धत) आणि घरचं वाय-फाय.

वाय-फायवर थेट चालणारा बॅटरीचा सेन्सर मी सुरक्षेसाठी घेणार नाही. बॅटरी वाचवायला तो झोपलेला असतो, आवाज झाल्यावर जागा होतो, मग राउटर शोधतो, मग सर्व्हर. राउटर बंद असेल तर खबर तिथेच संपली. वीज गेली की राउटर जातो, आणि वीज घालवायला चोराला मीटरच्या बॉक्सपर्यंतच जावं लागतं, जो आपल्याकडे जिन्याखाली उघडा असतो. पॅनलला स्वतःची बॅटरी आणि सिम कार्ड हवंच.

नेरुळकर, तुमची 'डबी तशीच दिसते' ही भीती मात्र चांगल्या यंत्रणेला लागू नाही. तिथे सेन्सर ठराविक वेळाने हजेरी लावतो. हजेरी चुकली की पॅनल तक्रार करतो, बॅटरी उतरू लागली तरी सांगतो, सिग्नल अडवायला कोणी मुद्दाम रेडिओ लहरींचा गोंगाट केला तरी इशारा देतो. विक्रेत्याला एवढंच विचारा: हजेरी किती वेळाने, आणि चुकल्यापासून किती वेळात मला कळणार? काही यंत्रणांत हे काही मिनिटांत कळतं, काहींत तासांचे तास जातात. उत्तर देता आलं नाही तर तो एकतर्फी माल विकतोय असं समजा.

आणखी दोन गोष्टी. नव्या टॉवरच्या भिंती मायवान पद्धतीच्या, म्हणजे वीट नाही, सळया घातलेलं सलग काँक्रीट. पॅनल मुख्य दारापाशी आणि सेन्सर शेवटच्या बेडरूममध्ये असला तर मध्ये अशा तीन-चार भिंती येतात. बसवताना बेडरूमचं दार बंद करून सिग्नल बघावा. आणि परदेशातल्या नातेवाइकांकडून किट मागवू नका. अमेरिकेतल्या अनेक यंत्रणा ३१९.५, ३४५ किंवा ९०८ मेगाहर्ट्झवर बोलतात. आपल्याकडे खुल्या असलेल्या पट्ट्यांत ते बसत नाही.

एकूण माझं मत: हवेतला दुवा आता पुरेसा भरवशाचा आहे. कच्चे दुवे आहेत माइकची जागा आणि वेळेवर न बदललेली बॅटरी.

पनवेल_जुने

आणि बॅटरी कोण बदलणार? या सेन्सरांचे सीआर१२३ए सेल गल्लीतल्या दुकानात विचारा, बाटलीतल्या गोळ्या मागितल्यासारखं तोंड करून बघतात. रो-हाऊसमध्ये रंगकाम निघालं की भिंतीत पाइप टाका, वायर ओढा, सेन्सरला पॅनलमधूनच वीज द्या. एकदा केलं की पंधरा वर्षं बघायला नको.

वायरमन_ठाणे

@पनवेल_जुने, नव्याने काम निघालं असेल तर मीही वायरच सांगतो. पण राहत्या घरात टाइल्स, पीओपी फोडून वायर कोणी ओढू देत नाही. आणि वायर अमर नाही. पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल आली की जोडावर हिरवा गंज चढतो, उंदीर कुरतडतो तो वेगळा. सेल ऑनलाइन मिळतात, जास्तीचे आणून ठेवायचे. वर्षातून एक दिवस ठरवा, सेन्सर तपासा, सेल बघा, माइकच्या भोकातली धूळ मऊ ब्रशने झाडा.

वाशीच्या_काकू

मी वाशीला तळमजल्यावर एकटी राहते. वय झालंय. तांत्रिक फारसं कळत नाही, पण हे सगळं वाचून गप्प बसवेना.

तुम्ही सगळे चोरी थांबवण्याबद्दल बोलताय. माझ्याकडे चोरण्यासारखं आता काय आहे? दागिने लॉकरमध्ये. मला भीती आहे ती मी झोपलेली असताना कोणी खोलीत येऊन उभं राहील याची. मला चोर पकडायचा नाही. तो आत यायच्या आधी मला जाग यायला हवी, दिवा लावता यायला हवा, बेडरूमची कडी आतून घालता यायला हवी. त्या दोन मिनिटांसाठी मी पैसे दिलेत. माझ्या हॉलला मागच्या मोकळ्या जागेकडे उघडणारी मोठी काच आहे, तिथे सेन्सर आहे, मुलाने टेस्टर आणवून माझ्यासमोर तपासून घेतला. स्वयंपाकघर वेगळं, त्यामुळे भांड्यांचा त्रास नाही.

ग्रिल लावा म्हणणाऱ्यांना सांगते, माझ्या घराला ग्रिल होतं. बाहेर निघायची झडप कुलूपबंद, किल्ली कुठे ते आठवावं लागायचं. आग लागली तर मी कुठून बाहेर पडणार? मुलाने तीन खिडक्यांचं ठेवून चौथीचं काढलं. मग त्या चौथीला राखण नको का?

नेरुळकर, तुमचं शेजाऱ्यांच्या बाथरूमचं खरं आहे. पण तुमच्या ओळीत माझ्यासारखी कोणी असेल तर तिच्या घरातला सेन्सर 'सगळ्यात शेवटी' म्हणू नका.

नेरुळकर

काकू, तुमच्या हॉलला तो हवाच, आणि 'जिथे मोठी काच हाताला येते तिथेच' असं मी म्हटलं ते अशाच खिडकीबद्दल. माझा विरोध प्रत्येक खोलीत एक या हिशोबाला आहे. वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये, दीड फुटाच्या खिडकीसाठी, जिच्यावर आधीच ग्रिल आहे, तिथे तो कशाला? आमच्या ओळीत दोन घरांत ज्येष्ठ एकटे आहेत, त्यांच्या हॉलपुरता आग्रह मी स्वतः धरेन.

काचवाला

काचेच्या धंद्यातला आहे, ठाण्यात. सेन्सरवर एवढी चर्चा, पण काच कोणती हे कोणी विचारत नाही.

जुन्या स्लायडिंगमध्ये साधी फ्लोट काच असते, ४ किंवा ५ मिलिमीटर. ती फुटते तेव्हा मोठे धारदार सुळे होतात आणि आवाज मोठा होतो, सेन्सर त्यासाठीच बनलेले. टफन्ड काच फुटली की खडीसाखरेसारखे दाणे होऊन सगळी एकदम खाली बसते, तिचा आवाज वेगळा. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांमध्ये पीव्हीबीचा पापुद्रा असतो. ती तडकते पण तुकडे पापुद्र्याला धरून राहतात, खाली पडत नाहीत. तुकडे पडलेच नाहीत तर 'खळ्ळ' कमी. म्हणून सेन्सरच्या कागदावर कोणत्या प्रकारची आणि किती जाडीची काच चालते ते छापलेलं असतं, किमान आकारही दिलेला असतो. तुमची काच त्या यादीत आहे का बघा. उन्हासाठी लोक जी फिल्म लावतात तीही तुकडे धरून ठेवते, आणि काचेला चिकटवायचे काही सेन्सर फिल्मवर किंवा लॅमिनेटेडवर चालतच नाहीत. वायरमनसाहेबांनी वर शॉक सेन्सर सुचवला, पण त्या ताईंच्या डेकची काच कोणती हे विचारलं नाही.

माझं मत विचाराल तर ज्या एका-दोन काचा हाताला येतात त्या लॅमिनेटेड करा. आयएस २५५३ चा, म्हणजे सेफ्टी काचेच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघून घ्या. हातोड्याचे दहा घाव घातले तरी माणूस जाईल एवढं भोक पाडायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आवाज चालूच. सेन्सर खबर देतो, काच अडवते. अडवणारी वस्तू आधी घ्यावी.

वायरमन_ठाणे

काच विचारायला हवी, मान्य. पण लॅमिनेटेडचं वजन जास्त. जुन्या स्लायडिंगचे रोलर आणि सेक्शन ते पेलत नाहीत, अख्खी खिडकी बदलावी लागते. तो खर्चही लोकांना सांगा.

काचवाला

सांगतोच. म्हणून तर एक-दोन म्हटलं, घरभर नाही.

माजी_सेक्रेटरी_खारघर

सोसायटीच्या बाजूने बघतो. सायरन वाजल्यावर कोण काय करणार, हे आमच्याकडे लिहून ठेवल्याशिवाय एकही अलार्म बसवू दिला नाही. आपल्याकडे घरगुती अलार्म वाजला म्हणून पोलीस आपोआप येत नाहीत. ११२ आपण लावायचा, पत्ता आपण सांगायचा. मालक गावाला, मोबाइल सायलेंटवर, अ‍ॅपची सूचना वीस जाहिरातींच्या खाली. असं असेल तर सेन्सर अचूक असूनही उपयोग शून्य.

आम्ही केलेलं असं: अ‍ॅपची साधी सूचना नको, पॅनलच्या सिमवरून फोनच यायला हवा. फोन तीन जणांना, त्यातला एक त्याच इमारतीतला. वॉचमनला फ्लॅट नंबर आणि कोणत्या बाजूची खिडकी, एवढं कळलं की त्याने बाहेरून बॅटरी मारून बघायचं, एकट्याने आत शिरायचं नाही. आणि खोटा अलार्म झाला तर त्याची वहीत नोंद, कशाने झाला त्यासकट. घोडबंदरच्या ताईंनी लिहिलंय तसं वॉचमन येईनासा होतो ते अशी नोंद न ठेवल्याने. नोंद असली की दुसऱ्याच खेपेला कळतं की या घरात सेन्सर ओट्यासमोर आहे, तो हलवा.

घोडबंदर_पोडियम

आमच्या टॉवरला चारशेच्या वर घरं आणि रात्री गेटवर दोन माणसं. वही कोण लिहिणार?

तरी काचवाल्यांनी विचारलं म्हणून आज स्लायडरचा कोपरा पाहिला, टफन्डचा शिक्का आहे. शॉक सेन्सर आणि मॅग्नेट लावून बघायला घरचे तयार आहेत. आवाज ऐकणारा मात्र परत नाही. सासूबाईंच्या झोपेपुढे मला त्याचं काही कौतुक नाही.

वाशीच्या_काकू

बरोबर करताय. घरातल्या माणसाला जे सोसवतं तेच लावावं.

नेरुळकर

रविवारी पुन्हा बैठक आहे. मी मांडणार ते असं. प्रत्येक घराला पुढच्या-मागच्या दाराला मॅग्नेट, स्लायडरला वर उचलता येणार नाही असे स्टॉपर आणि कुलूप, पॅनल दुतर्फी आणि सिमवाला. काचेचा सेन्सर फक्त तळमजल्याच्या हॉलला, ज्यांना हवा त्यांना, टेस्टरने प्रत्येक खिडकी तपासून दाखवल्यावरच पैसे. पॅकेजवाला 'सगळं किंवा काहीच नाही' म्हणाला तर काहीच नाही.

बाथरूमच्या लुव्हरचं मात्र अडलंय. @वायरमन, तिथे काय लावतात? आत मोशन लावला तर?

वायरमन_ठाणे

बाथरूममध्ये मोशन नको, गिझरच्या वाफेने फसतो. बाहेर पॅसेजमध्ये बाथरूमच्या दाराकडे तोंड करून लावता येतो, पण रात्री घरातलं कोणी उठलं की तो वाजणार, म्हणजे घर रिकामं असतानाच उपयोगी. काचपट्ट्यांना मॅग्नेट बसत नाही. खरं सांगायचं तर लुव्हरला माझ्याकडे विकण्यासारखं काही नाही.

पनवेल_जुने

लुव्हर काढून टाका. त्या जागी अर्ध्या भागात फिक्स काच, अर्ध्यात एक्झॉस्ट फॅन, आणि दोन्हींच्या आतून १२ मिलिमीटर सळईची जाळी भिंतीत रोवून. त्या खिडकीतून आगीत कोणी बाहेर पडणार नसतं, त्यामुळे काकूंचा आक्षेप तिथे लागू नाही. एका दिवसाचं काम आहे. फॅनचं माप आधी घ्या, सिडकोच्या जुन्या घरांत ती खिडकी अरुंद असते.

नेरुळकर

उद्या माप घेतो. ओळीतली सगळी घरं एकाच साच्याची आहेत, एकदमच करून घेता येईल.